'ज्ञानेश्वरी' हा शब्द: विशेषण, ग्रंथाचे नाव की सामान्यनाम?

जुनी वही

आमच्या गावच्या सप्ताहाची स्मरणिका छापायला जाण्यापूर्वी तिचे मुद्रितशोधन माझ्याकडे आले आहे. त्यात एकाच शब्दावरून तीन ठिकाणी मतभेद झाले, म्हणून हा धागा काढत आहे.

पहिले वाक्य असे होते: 'ज्ञानेश्वरांची ज्ञानेश्वरी ही वारकऱ्यांची आई आहे.' समितीतील एका शिक्षकांनी 'ज्ञानेश्वरांची' हा शब्द खोडला, कारण ज्ञानेश्वरी ज्ञानेश्वरांचीच असणार, तेव्हा ही द्विरुक्ती आहे असे त्यांचे म्हणणे. दुसरे वाक्य खर्चाच्या हिशोबातले: 'पारायणासाठी एकवीस ज्ञानेश्वऱ्या आणल्या.' तिथे 'ज्ञानेश्वरीच्या एकवीस प्रती' असा बदल सुचवला गेला. तिसरा आक्षेप सर्वांत मोठा आहे. ग्रंथाचे खरे नाव 'भावार्थदीपिका' असताना स्मरणिकेत सर्वत्र 'ज्ञानेश्वरी' हे लोकांनी पाडलेले नाव का वापरायचे, असा तो आक्षेप.

मला स्वतःला असे वाटते की हा शब्द मुळात विशेषण असावा. ज्ञानेश्वरांनी केलेली ती 'ज्ञानेश्वरी', आणि तिच्यापुढे कधीतरी 'टीका' किंवा 'गीता' असे नाम असणार, जे पुढे बोलण्याच्या ओघात गळून पडले. तसे असेल तर शब्दाचे लिंगही उलगडते. 'ग्रंथ' पुल्लिंगी आणि 'पुस्तक' नपुंसकलिंगी असताना ज्ञानेश्वरी स्त्रीलिंगी का, याचे दुसरे कारण मला सुचत नाही. जाणकारांनी पुराव्यासह लिहावे, ही विनंती.

प्रवराकाठ

पुराव्यापासून सुरुवात करू. नेवाशाला ग्रंथ सिद्ध झाला त्याचे साल ज्या ओवीत येते ती सर्वांना पाठ असते: 'शके बाराशतें बारोत्तरें । तैं टीका केली ज्ञानेश्वरें ।' म्हणजे इसवी सन 1290. या ओळीत 'टीका' आणि 'ज्ञानेश्वरें' हे दोन शब्द एकाच चरणात आहेत. 'ज्ञानेश्वरांनी केलेली टीका' या तीन शब्दांचा एक शब्द करायचा झाला, तर 'ज्ञानेश्वरी' याहून वेगळा होणार नाही. आपण 'टीका' हे नाम गळले असावे असे म्हणता, त्याला ही ओवी चांगला आधार देते.

आता नामदेवांच्या नावावरचा अभंग पाहा. 'ज्ञानराज माझी योग्यांची माउली' हा तो अभंग. त्याच्या दुसऱ्या कडव्यात 'गीता अलंकार नाम ज्ञानेश्वरी । ब्रह्मानंद लहरी प्रगट केली' असे आहे, आणि शेवटच्या कडव्यात 'नामा म्हणे ग्रंथ श्रेष्ठ ज्ञानदेवी । एक तरी ओवी अनुभवावी'. एकाच अभंगात एकाच ग्रंथाची दोन नावे आली आहेत, आणि दोन्ही कवीच्याच नावावरून झालेली आहेत. ज्ञानेश्वर आणि ज्ञानदेव ही त्यांची दोन्ही नावे रूढ होती, म्हणून ग्रंथालाही दोन नावे मिळाली. 'भावार्थदीपिका' हे नाव मात्र त्या अभंगात कुठेही नाही.

एक गोष्ट मला नेहमी जाणवते. 'लहरी'शी यमक जुळते तिथे 'ज्ञानेश्वरी' आहे, आणि 'ओवी', 'अनुभवावी' यांच्याशी जुळायचे तिथे 'ज्ञानदेवी'. म्हणजे दोन्ही शब्द कवीच्या तोंडी सारखेच बसलेले होते, आणि चरणाला जो लागला तो त्याने घेतला.

टीपकागद

प्रवराकाठ यांनी दिलेल्या पुराव्यात एकनाथांची भर घालतो, कारण ती भर तारखेसह मिळते. एकनाथांनी पैठणला ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, तिच्या शेवटी त्यांनीच लिहिले आहे: 'शके पंधराशें साहोत्तरीं । तारणनाम संवत्सरीं । एकाजनार्दनें अत्यादरीं । गीताज्ञानेश्वरी प्रतिशुद्ध केली ॥' शके 1506 म्हणजे इसवी सन 1584. इथे शब्द 'गीताज्ञानेश्वरी' असा जोडून आला आहे, आणि लगेच पुढच्या ओवीत नुसता 'ज्ञानेश्वरी' येतो: 'तो शोधूनियां एवंविध । प्रतिशुद्ध सिद्ध ज्ञानेश्वरी ॥' शेवटची ओवी तर प्रसिद्धच आहे: 'ज्ञानेश्वरीपाठीं । जो ओंवी करील मऱ्हाटी । तेणें अमृताचे ताटीं । जाण नरोटी ठेविली ॥'

या ओव्यांमध्ये हा शब्द कसा वावरतो ते बघण्यासारखे आहे. आधी तो 'गीता' या शब्दाला चिकटून येतो, मग एकटा उभा राहतो, आणि मग 'ज्ञानेश्वरीपाठीं' या समासात दुसऱ्या शब्दाला आधार देतो. वेगळी कुठलीही खूण न देता एकनाथ तो वापरतात, यावरून 1584 मध्ये हा शब्द ग्रंथाचे नाव म्हणून पूर्ण रुळलेला होता, असे मी ठामपणे म्हणेन. त्यामुळे 'लोकांनी पाडलेले नाव' हा आक्षेप टिकत नाही. ज्यांनी प्रत शुद्ध केली त्यांनीच ते नाव लिहून ठेवले आहे.

'भावार्थदीपिका' हे नाव खोटे आहे असा याचा अर्थ नाही. अध्यायांच्या शेवटी जी संस्कृत पुष्पिका छापलेली असते, तिच्यात 'इति श्रीज्ञानदेवविरचितायां भावार्थदीपिकायां' असे येते. मात्र त्या पुष्पिकेतही कवीचे नाव आधी आणि ग्रंथाचे नंतर आहे.

आता व्याकरण. संस्कृतात टीकाग्रंथाला टीकाकाराच्या नावावरून स्त्रीलिंगी नाव देण्याची रीत आहे. नव्यन्याय या तर्कशास्त्राच्या शाखेत जगदीशांची ती 'जागदीशी', गदाधरांची ती 'गादाधरी', मथुरानाथांची ती 'माथुरी'. 'त्याचे' किंवा 'त्याने केलेले' या अर्थाचा प्रत्यय लागतो, शब्दाच्या पहिल्या स्वराची वृद्धी होते (म्हणजे 'अ'चा 'आ', 'इ-ई'चा 'ऐ', 'उ-ऊ'चा 'औ'), आणि मनात 'टीका' हा शब्द असल्यामुळे स्त्रीलिंगी ईकार येतो. ज्ञानेश्वर या शब्दाचा पहिला स्वर 'आ' आहे, म्हणजे तिथे वृद्धी आधीच झालेली आहे, म्हणून रूपात काही फरक दिसत नाही. संस्कृत नियमाने केले तरी 'ज्ञानेश्वरी'च होते.

शिळा सप्तक

टीपकागद, आपले विवेचन मनापासून आवडले, पण एका ठिकाणी मला अडचण दिसते. भागवतावरची श्रीधरस्वामींची टीका 'श्रीधरी' म्हणून ओळखली जाते. नियमाने वृद्धी व्हायची तर 'श्रैधरी' व्हायला हवे होते, आणि तसे कुणी म्हणत नाही. म्हणजे पंडितांच्या व्यवहारातही वृद्धीशिवायचा नुसता ईकार चालत होता. आपल्या मराठीत तर तो सर्रास चालतो: एकनाथी, मोरोपंती, रामदासी, आणि गावांवरून पुणेरी, नागपुरी, कोल्हापुरी. 'ज्ञानेश्वरी' यांपैकी कोणत्या वाटेने आला हे रूपावरून ठरवता येणार नाही, कारण दोन्ही वाटा एकाच रूपापाशी पोहोचतात.

जाता जाता सांगावेसे वाटते की श्रीधरस्वामींच्या त्या भागवतटीकेचे स्वतःचे नावही 'भावार्थदीपिका'च आहे. दोन भावार्थदीपिका, एक भागवतावर आणि एक गीतेवर, आणि दोन्ही लोकांच्या तोंडी कर्त्याच्या नावाने राहिल्या. दोन ग्रंथांचे नाव एकच असेल तर वाचणाऱ्याला कर्त्याच्या नावाचाच आधार लागतो, हेही एक कारण असू शकेल. हा माझा तर्क आहे, पण तो मला पटतो.

टीपकागद

'श्रीधरी'चा मुद्दा मान्य आहे. रूपावरून निर्णय होत नाही; मी मघाशी जास्त ठामपणे लिहिले. लिंगावरून मात्र होतो. मराठीतला विशेषणाचा ईकार लिंगाप्रमाणे बदलत नाही: एकनाथी भागवत, एकनाथी भारूड, मोरोपंती आर्या, मोरोपंती थाट. 'ज्ञानेश्वरी' मात्र आज आपण कुठल्याही नामाशिवाय स्त्रीलिंगी वापरतो. 'ज्ञानेश्वरी वाचला' किंवा 'ज्ञानेश्वरी वाचले' असे कुणी म्हणत नाही. ते स्त्रीलिंग गळालेल्या 'टीके'चे किंवा 'गीते'चे आहे. नाम गेले तरी त्याचे लिंग मागे राहिले, या जुनी वही यांच्या अंदाजाशी मी पूर्ण सहमत आहे.

विणेकरी

मी गेली तीस वर्षे सप्ताहात पारायणाला बसतो आणि वीणा घेऊन पहाऱ्यालाही उभा राहतो. व्याकरण मला येत नाही, पण हा शब्द रोज कसा वापरला जातो ते सांगू शकतो.

पारायणाच्या पहिल्या दिवशी सकाळी मंडपात दोन रांगांत चौरंग मांडतात. प्रत्येक चौरंगावर फडके, त्यावर ज्ञानेश्वरी, वर तुळशीचे पान. व्यासपीठ चालक पहिली ओवी उचलतात आणि सगळे एका सुरात वाचू लागतात. कुणाच्या हातात मोठ्या अक्षरांची असते, कुणाच्या हातात सार्थ असते, कुणाची आजोबांच्या वेळची, पाने पिवळी पडून सुटलेली असते. वाचणारे आपापली घेऊन येतात, ज्यांच्याकडे नसते त्यांच्यासाठी देवळाच्या कपाटातून काढतात, आणि कपाट उघडणारा माणूस विचारतो, 'किती ज्ञानेश्वऱ्या काढू?' 'प्रती' हा शब्द मी त्या कपाटासमोर कधीच ऐकला नाही. आपल्या हिशोबातले 'एकवीस ज्ञानेश्वऱ्या आणल्या' हे वाक्य ज्याने लिहिले असेल, तो नक्की पारायणाला बसणारा माणूस आहे. ते बदलू नका.

आणखी काही वापर सांगतो. 'त्यांच्याकडे ज्ञानेश्वरी लावली आहे' म्हणजे त्यांच्या घरी रोज थोडे थोडे वाचन सुरू केले आहे. 'महाराजांनी मला ज्ञानेश्वरी लावून दिली' म्हणजे अर्थ समजावून दिला, कुठली ओवी कशी घ्यायची ते शिकवले. 'यंदा मी ज्ञानेश्वरीला बसणार' म्हणजे पारायणाला बसणार. 'त्यांची ज्ञानेश्वरी झाली' म्हणजे त्यांचे वाचन पुरे झाले. या चारही वाक्यांत ज्ञानेश्वरी म्हणजे नुसते पुस्तक राहत नाही. ते वाचणे, ते शिकणे, ते सात दिवस बसणे, हे सगळे त्या एका शब्दात येते.

जुनी वही

विणेकरी, आपण लिहिलेल्या वाक्यांनी माझा एक मोठा गोंधळ दूर झाला. 'ज्ञानेश्वऱ्या' हे अनेकवचन म्हणजे शब्दाने टाकलेली पुढची पायरी आहे. विशेषणाचे नाव झाले, आणि ग्रंथाच्या नावाचे आता सामान्यनाम झाले आहे, 'पोथ्या', 'वह्या' यांच्यासारखे. 'दोन भावार्थदीपिका काढा' असे त्या कपाटासमोर कुणी म्हणणार नाही.

लिहिता लिहिता आणखी एक गोष्ट लक्षात आली, आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. हा शब्द ग्रंथाने पूर्ण व्यापल्यामुळे ज्ञानेश्वरांच्या नावाचे विशेषणच आपल्याकडे उरलेले नाही. एकनाथांची शैली ती एकनाथी, मोरोपंतांची ती मोरोपंती, रामदासांचा बाणा तो रामदासी. ज्ञानेश्वरांची शैली मात्र 'ज्ञानेश्वरी शैली' म्हणता येत नाही. तसे म्हटले तर ऐकणाऱ्याला ज्ञानेश्वरी या ग्रंथाची शैली असेच वाटते. 'ज्ञानेश्वरी अभंग' तर अजिबात म्हणता येत नाही, जरी ज्ञानेश्वरांनी अभंग लिहिले असले तरी. अमृतानुभवाच्या ओव्या, हरिपाठाचे अभंग, चांगदेव पासष्टी या सगळ्यांसाठी आपल्याला 'ज्ञानेश्वरांचा', 'ज्ञानेश्वरांच्या' अशी षष्ठीच वापरावी लागते.

म्हणूनच 'ज्ञानेश्वरांची ज्ञानेश्वरी' ही द्विरुक्ती आहे असे मला आता वाटत नाही. दुसऱ्या शब्दाने कर्त्याचे नाव सांगण्याचे काम केव्हाच सोडले आहे, तो फक्त ग्रंथ दाखवतो. कर्ता दाखवायचा असेल तर तो पुन्हा सांगावाच लागतो.

बेलफुल

'रामदासी' या शब्दाचा उल्लेख दोनदा झाला, पण त्याची वाट वेगळी आहे. 'रामदासी बाणा' इथे तो विशेषण आहे, हे खरे. पण 'दारात एक रामदासी आला आहे' असे म्हटले की तो माणूस असतो, समर्थांच्या संप्रदायातला, हातात कुबडी, खांद्याला झोळी, तोंडी 'जय जय रघुवीर समर्थ'. म्हणजे ज्ञानेश्वरांच्या नावाला ईकार लागला आणि ग्रंथ झाला, रामदासांच्या नावाला तोच ईकार लागला आणि अनुयायी झाला. ग्रंथाच्या नावाची गरज रामदासांना पडली नाही, कारण त्यांनी ते स्वतःच सांगून ठेवले आहे: 'ग्रंथा नाम दासबोध । गुरुशिष्यांचा संवाद ।' त्यातला 'दास' म्हणजे तेच. कवीचे नाव तिथेही आहेच, फक्त ते त्यांनी आपल्या हाताने घातले आहे.

शिळा सप्तक

मग 'तुकारामी' असा शब्द का झाला नाही? वारकऱ्यांच्या घरात ज्ञानेश्वरीच्या शेजारी जे पुस्तक असते त्याला 'गाथा' म्हणतात, किंवा 'तुकोबांचा गाथा', पण नावाला ईकार लावून कुणी बोलत नाही.

प्रवराकाठ

याचे उत्तर मला तरी गळालेल्या नामातच दिसते. ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीका आहे. गीता एकच, तिच्यावरच्या टीका अनेक, तेव्हा कोणाची टीका हे सांगणे भाग पडते. तुकोबांनी टीका लिहिली नाही, त्यांनी अभंग केले, एकेक सुटा, आणि त्यातल्या जवळजवळ प्रत्येकाच्या शेवटी 'तुका म्हणे' आहे. ज्याच्या अभंगाअभंगात कवीचे नाव वाजते त्या संग्रहाला पुन्हा कवीच्या नावाने हाक मारण्याची गरज लागत नाही. 'गाथा' एवढे म्हटले की पुरते. एकनाथी भागवताचेही असेच कारण आहे. भागवत एकच, मराठीत कोणाचे ते सांगायचे, म्हणून 'एकनाथी'. तिथे 'भागवत' हे नाम गळले नाही, कारण ते मूळ ग्रंथाचे नाव आहे. गळणारा शब्द 'टीका' यासारखा साधा असावा लागतो.

आपण 'तुकोबांचा गाथा' असे पुल्लिंगी लिहिलेत याचा आनंद वाटला. हल्ली छापील मजकुरात 'तुकोबांची गाथा' जास्त दिसते, पण फडावर मी 'गाथा वाचला' असेच ऐकत आलो आहे.

मयूरपिच्छ

मोरोपंतांचा विषय निघाला म्हणून थोडे लिहितो. 'मोरोपंती' हे विशेषण नुसते 'मोरोपंतांचे' एवढ्या अर्थाने क्वचितच येते. संस्कृत शब्दांची दाटी, यमकांची आतषबाजी, दीर्घ समास, असे काही दिसले की 'मोरोपंती थाट' म्हणतात, आणि म्हणणाऱ्याच्या आवाजावरून ती स्तुती आहे की तक्रार ते कळते. मला स्वतःला ती स्तुती वाटते, कारण 'सुसंगति सदा घडो, सुजनवाक्य कानीं पडो' ही त्यांची केका लहानपणी पाठ झाली ती अजून विसरलो नाही.

आणि याच केकेत कवीच्या नावाचा एक सुंदर प्रवास आहे. मोरोपंत स्वतःला 'मयूर' म्हणवत. मोराचा आवाज म्हणजे केका. देवाला आर्त हाक मारणारे त्यांचे काव्य ते 'केकावली', आणि त्यातला एकेक श्लोक म्हणजे एक केका. इथे नावाला कुठला प्रत्यय लागला नाही, नावाचा अर्थ घेतला, त्या अर्थाच्या पक्ष्याचा आवाज घेतला, आणि त्या आवाजाचा ग्रंथ झाला. ज्ञानेश्वरीला नाव दुसऱ्यांच्या तोंडून मिळाले, केकावलीला ते कवीनेच दिले.

टीपकागद

प्रवराकाठ यांनी वर ज्या ओवीचा आधार घेतला तिच्याविषयी एक सावधगिरी सुचवतो. 'टीका केली ज्ञानेश्वरें' हे वाक्य तृतीयपुरुषी आहे आणि तिच्याच पुढच्या चरणात 'सच्चिदानंदबाबा आदरें । लेखकु जाहला' असे आहे. ती ओवी लेखनिकाची असावी असे मानणारे अभ्यासक आहेत. मात्र तृतीयपुरुष हे एकटे कारण पुरेसे नाही, कारण पसायदानाच्या शेवटीही 'येणें वरें ज्ञानदेवो । सुखिया जाला' असेच आहे, आणि ते ज्ञानेश्वरांचे नाही असे आपण म्हणत नाही. ओवी कोणाचीही असली तरी आपल्या शब्दाच्या दृष्टीने तिचा उपयोग आहे. लेखनिकाची असेल, तर ग्रंथाचा उल्लेख दुसऱ्याने 'टीका' असा केला होता, हे तीच ओवी सांगते.

आधुनिक संपादकांनीही या प्रश्नाचा विचार केलेला दिसतो. अरविंद मंगरूळकर आणि विनायक मोरेश्वर केळकर यांनी संपादिलेल्या प्रतीला त्यांनी 'ज्ञानदेवी' हेच नाव दिले. वि. का. राजवाडे यांनी 1909 मध्ये छापलेली प्रत मात्र 'ज्ञानेश्वरी' म्हणूनच ओळखली जाते. अभ्यासकांच्या व्यवहारात दोन्ही नावे आजही जिवंत आहेत, आणि दोन्ही कवीच्याच नावाची आहेत.

जुनी वही

सर्वांचे आभार. काल संध्याकाळी समितीची बैठक झाली, आणि मी हा सगळा धागा छापून नेला होता. ज्या शिक्षकांनी 'ज्ञानेश्वरांची' हा शब्द खोडला होता, त्यांनी एकनाथांच्या ओव्या दोनदा वाचल्या आणि स्वतःच्या हाताने तो शब्द परत लिहिला. 'एकवीस ज्ञानेश्वऱ्या' तसेच राहणार आहे. मुखपृष्ठावर 'श्रीज्ञानेश्वरी पारायण सोहळा' असे येईल, आणि आतल्या पहिल्या पानावर लहान अक्षरांत 'भावार्थदीपिका' हे नाव एकदा येईल, कारण तेही खरेच आहे.

विणेकरी

पहिल्या पानावर जागा उरत असेल तर 'ज्ञानदेवी' हे नावही घाला. आमच्याकडे काकड्यानंतर तो अभंग रोज म्हणतात, आणि शेवटच्या कडव्याला आल्यावर मुले विचारतात की ज्ञानदेवी कोण.

जुनी वही

घातले. 'भावार्थदीपिके'च्या खालच्या ओळीत.